मामाजींच्या घड्याळाच्या दोन कड्या

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की बायको समोरची वस्तू उचलून आत नेते. ती न्यायला उशीर झालाच, तर शांतपणे विचारते, "चालू होतं ना ते?" गेल्या काही वर्षांत मी एक टेबलफॅन, एक इस्त्री आणि दाराची घंटा अशा तीन चालू वस्तू दुरुस्त केल्या. त्यांपैकी घंटा अजून वाजते, पण ती कोणी बटण दाबलं म्हणून वाजत नाही. तिच्या मनात आलं की वाजते.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे हे मी एका माणसापासून लपवलं आहे.

तर गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मामाजी, म्हणजे माझे सासरे, टायफॉइडने आडवे झाले. त्यांचं गाव चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून. तिथून त्यांना गोंदियाला आणलं, दवाखान्यात ठेवलं, मग महिनाभर जवळच, आमच्या फुलचूरच्या घरी. आजार गेला, पण जाताना मामाजींचा बराचसा भाग सोबत घेऊन गेला. सदरे अंगावर वाळत घातल्यासारखे दिसू लागले. आणि मनगटावरचं घड्याळ, हात वर केला की घरंगळत थेट कोपराशी जाऊन थांबायचं.

या घड्याळाबद्दल थोडं सांगावं लागेल. मामाजींच्या गावाला जुना तलाव आहे. कोण्या पूर्वजांनी खोदला, त्याच्यावर अख्ख्या गावाची शेती उभी आहे. तलावाचं पाणी शेतकऱ्यांमध्ये पाळीने वाटतात. याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात इतका वेळ, मग फळी टाकून पाणी त्याच्या बांधीत. ही वेळ बघण्याचं काम पंचवीस वर्षं मामाजींकडे होतं, आणि शेवटची पंधरा वर्षं या स्टीलच्या पट्ट्याच्या घड्याळाकडे. ते घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाचीच तक्रार नव्हती, कारण सगळ्यांचंच पाणी चार मिनिटं पुढे होतं. आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे. पण मोबाइल ज्याचा त्याचा असतो. मामाजींचं घड्याळ गावाचं होतं.

रब्बीच्या पाळ्या ठरवायची बैठक मंडईच्या दिवशी सकाळी भरते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई असते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ होतो, नाटक होतं आणि नागपूर-रायपूरकडे गेलेली माणसंही त्या दिवशी गावात येतात. सगळे हिस्सेदार सापडतात म्हणून बैठक तेव्हाच. त्या बैठकीत मामाजी हात वर करून बोलणार आणि घड्याळ सर्रकन कोपराला जाणार. ते बघून कोणीतरी म्हणणार, बुढा थकला, आता पाणी दुसऱ्याकडे द्या.

हे मामाजी मला बोलले नाहीत. असलं ते जावयाला बोलत नाहीत. हे बायकोने सांगितलं. मामाजींनी फक्त गावी परत जाताना घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"जवाईबापू, बाजारात कोणाले तरी दाखवा. दोन कड्या काढून मांगा. मंडईच्या आधी पायजे."

इथे मी म्हणायला हवं होतं, हो मामाजी. मी म्हणालो, "बाजारात कायले? दोन कड्या तर आहेत. मीच काढतो."

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं.

साध्या घड्याळांच्या पट्ट्यात पिना असतात, ठोकल्या की निघतात. या पट्ट्यात प्रत्येक कडीच्या कुशीत एकेक बारीक स्क्रू होता, तिळाएवढा. माझा बेत सोपा होता. पट्ट्याचे दोन भाग, वरचा आणि खालचा. दोन्हीकडून एकेक कडी काढायची, म्हणजे तबकडी बरोबर मधोमध राहील. हा बेत मी कागदावर आकृतीसह काढला. आकृती चांगली आली होती.

पहिल्या दिवशी मी चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन वरच्या भागाला बसलो. स्क्रू हलला नाही. जोर दिला. स्क्रूड्रायव्हर हलला आणि माझ्या अंगठ्यात गेला. अंगठ्याला पट्टी लावून मी दुसऱ्या स्क्रूकडे वळलो. तिथे अंगठा वाचला, पण स्क्रूच्या डोक्यावरची खाच गेली. जिथे आडवी रेघ होती तिथे एक छोटीशी गुळगुळीत वाटी तयार झाली. मग पहिल्याला पुन्हा एक संधी दिली आणि त्याचीही वाटी केली.

भिंग लावून बघितलं तेव्हा स्क्रूच्या कडेला काहीतरी तांबूस दिसलं. मी बायकोला बोलावून म्हणालो, "हे बघ. गंज."

"मग?"

"मग काय? रोग कळला. आता औषध."

बायको तेव्हा दिवाळीसाठी पितळी समया चिंचेच्या कोळात घासत होती. गंजावर आंबट चालतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. घड्याळ पट्ट्यापासून वेगळं करून, म्हणजे तेवढी अक्कल होती, पट्टा मी कोळात टाकला. दोन तासांनी काढला तर असा चकाकत होता की नवरदेवाला घालावा. स्क्रू जागच्या जागी. शिलाई मशीनचं तेल सोडलं. आता पट्टा चकाकत होता आणि हातातून सटकतही होता.

संध्याकाळी मामाजींचा फोन. "झालं का?"

"झालंच समजा."

"झालं, का समजू?"

"दोन्ही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी विचार केला. माझी अडचण इथूनच सुरू होते. नुसता हात चालवतो तेव्हा एखादी वस्तू बिघडते. विचार करतो तेव्हा त्या बिघाडाला तत्त्वाचं पाठबळ मिळतं. नववीला मी शिकवतो की धातू तापला की प्रसरण पावतो आणि थंड झाला की आकुंचन पावतो. म्हणजे पट्टा गार केला की स्क्रू बारीक होईल, बारीक झाला की सुटेल. पट्टा एका वाटीत घालून मी फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवला.

बायकोने फ्रीझर उघडला आणि वाटी घेऊन बाहेर आली. "हे काय?"

मी आकुंचन समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती बारावीनंतर शिकली नाही, आणि भांडताना ती माहेरच्या बोलीत जाते.

"थंडीनं स्क्रू बारीक होते म्हणता?"

"होतो."

"मग भोक कायले तसंच राहीन? ते नाई होणार का बारीक?"

मी वाटी तिच्या हातातून घेतली. मटाराचा एक दाणा पट्ट्याला चिकटला होता. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, याचा मला त्या क्षणी आनंद झाला.

"राहू द्या ना आता," ती म्हणाली. "बाजारात जा. बाबाचं घड्याळ हाय ते. तुमच्या शाळेतलं सामान नाई."

गेलो. गोंदियाच्या बाजारात दिवाळीच्या तोंडावर जाणं म्हणजे गाडी घरी ठेवून खांदे घेऊन जाणं. घड्याळवाला आठ बाय चारच्या खोपटात बसला होता, डोळ्याला भिंग. मी कुठेतरी मास्तर आहे, एवढं तो ओळखून होता. त्याने पट्टा घेतला, पालथा केला, सुलटा केला.

"सर जी, इसमें हाथ किसने लगाया?"

"पहले का होगा कुछ," मी म्हणालो.

त्याने माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघितलं. पुढे विचारलं नाही. मोठ्या मनाचा माणूस.

"दो स्क्रू तो आपने, मतलब जिसने भी, मार दिए हैं. और ये लाल-लाल क्या है?"

"जंग है," मी म्हणालो. निदान एवढं तरी मला माहीत होतं.

त्याने भिंग डोळ्यावरून काढलं. "स्टेनलेस में जंग? सर जी, आप क्या पढ़ाते हैं?"

"मराठी," मी म्हणालो.

"तभी," तो म्हणाला, आणि त्यानंतर माझ्याशी फार सौजन्याने वागला. त्याचं म्हणणं असं की स्क्रू अडकलेले नाहीत, चिकटलेले आहेत. कशाने ते त्याला सांगता येईना. गोंदासारखं काही असेल. ठेवून जा, दिवाळीनंतर बघतो, घाईत करणार नाही, पट्टा तुटला तर याच्या जोडीचा मिळणार नाही. दिवाळीनंतर म्हणजे मंडईनंतर. मी पट्टा रुमालात बांधून परत आणला. त्या संध्याकाळी मामाजींचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो. बायको म्हणाली, "आज ही तिसरी अंघोळ आहे यांची."

भाऊबीजेला आम्ही गावी निघालो. आमगाव, देवरी, मग चिचगडचा रस्ता. दोन्ही बाजूला कापणीला आलेला धान, आणि पुढे मग जंगल. एरवी या रस्त्यावर मी बायकोला झाडांची शास्त्रीय नावं सांगतो. त्या दिवशी नाही सांगितली. खिशात रुमाल होता आणि रुमालात मंडईची सकाळ होती.

"काय सांगणार?" तिने विचारलं.

"खरं."

"कोणतं?"

मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. आठवडाभरात थोडा रंग आला होता, पण मनगट तसंच, उसाच्या पेरासारखं. पाणी झालं, चहा झाला. बायकोचं तिच्या भावाला ओवाळून झालं. मग मामाजींनी हात पुढे केला. मी रुमाल त्यावर ठेवला.

त्यांनी गाठ सोडली. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पट्टा, आणि कड्या सगळ्याच्या सगळ्या. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्यात गंज होता, आकुंचन होतं, बाजारातली गर्दी होती. मामाजींनी पट्टा नाकाशी नेला.

"चिंच कायले लावली?"

"गंज होता मामाजी."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. आणि मग ते हसायला लागले. आजारानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होतो. खोकला आला तरी थांबेनात. सासूबाई धावत बाहेर आल्या.

"अव, इकडं ये. जवाईबापू लाखेले गंज म्हणून राहिले."

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत एक स्क्रू आपोआप ढिला होऊन चिखलात पडला. रोवणाऱ्या बायांनी बांधी चाळून काढली तेव्हा सापडला. पुन्हा पडू नये म्हणून मामाजींनी स्क्रू बसवला आणि वरून लाख वितळवून भरली. एकात भरली तर सगळ्यांतच भरून टाकली. त्यांच्या गावात विळ्याची मूठ ढिली झाली की लाख भरतात, कुऱ्हाडीचा दांडा हलला की लाख भरतात. पळसावरून काढलेली लाख घराघरांत कोनाड्यात पडलेली असते. घड्याळ हेही अवजारच. त्यात वेगळं काय करायचं?

आणि लाखेला पाणी लागत नाही, चिंच लागत नाही, तेल लागत नाही. गार केली तर आणखी टणक होते. तिला फक्त ऊब लागते. म्हणजे मी जगातले सगळे उपाय केले, एक सोडून. आणि तो एक माझ्याच प्रसरणाच्या धड्यात होता, चुकीच्या बाजूने धरलेला. आठवीला लाखेचे किडे मी शिकवतो. प्रयोगशाळेत बाटलीत लाखेचा खडा आहे, त्याच्यावर चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे.

"मले काऊन नाई विचारलं?" मामाजींनी डोळे पुसत विचारलं. "रोज फोन करून राहिलो होतो मी."

याला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण विचारणं म्हणजे मला जमत नाही हे कबूल करणं. आम्ही दोघंही एकमेकांना आपण धडधाकट आहोत हे दाखवण्यात गुंतलो होतो.

सासूबाईंनी चुलीतले निखारे खापरात आणले. मामाजींनी पोती शिवायचं दाभण निखाऱ्यात खुपसलं. टोक लाल झालं की ते उचलायचं, स्क्रूच्या डोक्याला टेकवायचं, दहापर्यंत मोजायचं. पण दाभण स्क्रूजवळ नेलं की त्यांचा नेम चुकायचा. टोक स्क्रूच्या आजूबाजूला फिरायचं. एकदा तसं झालं, दोनदा झालं. बायकोने मान फिरवली. मामाजींनी दाभण माझ्याकडे दिलं.

"तुमी धरा. मी फिरवतो."

मग मी दाभण धरलं आणि त्यांनी माझ्या स्क्रूड्रायव्हरने फिरवलं. फिरवायला लागलेला हात मात्र स्थिर होता, कडीवर अंगठा दाबून धरला होता म्हणून असेल. लाखेचा गोडसर, धुपासारखा वास आला, एक तांबूस थेंब फुगला आणि खालच्या भागातला स्क्रू फिरला. आठ दिवस ज्याच्यासाठी मी फोन चुकवत होतो तो स्क्रू चहा थंड व्हायच्या आत ताटलीत पडला होता.

वरच्या भागातल्या स्क्रूंचं काही होईना. लाख वितळली, पण ते फिरवायचे कसे? मी त्यांच्या वाट्या केल्या होत्या. मामाजींनी त्या वाट्यांवरून नख फिरवलं.

"हे कोणं केलं?"

"घड्याळवाल्यानं," मी म्हणालो. मग बायकोकडे बघून म्हणालो, "मी केलं."

"दिसतेच," ते म्हणाले.

शेवटी दोन्ही कड्या खालच्याच भागातून काढल्या. माझ्या आकृतीच्या विरुद्ध. पट्टा मनगटावर घट्ट बसला, कोपराकडे जायचं नाव घेईना. पण एका बाजूने तोकडा झाल्यामुळे तबकडी मधोमध थांबेना. हात हलला की घड्याळ गोल फिरून तळव्याच्या बाजूला तोंड करून बसायचं. मामाजी ते वर आणायचे, ते पुन्हा खाली जायचं. दहा-बारा वेळा असं झाल्यावर त्यांनी ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंडई. सकाळी तलावाच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली बैठक भरली. तीस-चाळीस माणसं, नवे सदरे, मंडईचे लाऊडस्पीकर लांबून सुरू. मी जावई म्हणून खुर्चीवर, बाकी गाव सतरंजीवर. मला सतरंजी चालली असती, मागच्या टोकाची.

मामाजी बोलायला उठले आणि त्यांनी हात वर केला. सगळ्यांचे डोळे त्या हातावर. घड्याळ जागचं हललं नाही. फक्त गावाला दिसला तो नुसता पट्टा.

त्यांच्या वयाचा एक दोस्त पुढेच बसला होता. "काऊन गा, घड्याळ उलटं काऊन बांधलं?"

मी जमिनीवरच्या मुंग्या मोजू लागलो.

"पाण्यात हात घालाव लागते मले," मामाजी म्हणाले. "वरून काचेले फळी लागते, चिखल लागते. आता आतून बांधतो. जवाई सायन्सचे मास्तर हायेत. त्याईनं सांगितलं."

तीस-चाळीस माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी विज्ञानाच्या वतीने मान डोलावली.

मग नागपूरची नोकरी सोडून गावी परतलेला एक हिस्सेदार उभा राहिला. दणकट गडी, बोलायला मऊ. "मामा, दिवसाच्या पाळ्या तुमीच पाहा. पण रातच्या आता मी पायतो. आजारातून उठलात. रागावू नका."

लाऊडस्पीकरवर कोणीतरी आकाशपाळण्याची जाहिरात करत होतं. मामाजींनी तळवा वर करून घड्याळ बघितलं, जणू हे विचारायची वेळ झाली का ते बघत होते.

"ठीक हाय," ते म्हणाले. "रातच्या तू पाय. पण घड्याळ हेच चालन. सांजेले घेऊन जायचं, सकाळी आणून द्यायचं."

त्यांनी तिथल्या तिथे पट्टा काढून त्याच्या हातात दिला. गड्याने मनगटाला लावला. लागेना. ओढला, श्वास रोखला, बाजूच्याने दाबलं. त्याचं मनगट माझ्या पोटरीएवढं. दोन कड्या काढलेलं ते घड्याळ आता पूर्ण गावात एकाच माणसाच्या हाताला बसत होतं.

"जाऊ दे मग," मामाजींनी घड्याळ परत घातलं. "तू मोबाइलवर पाय. चार मिनिटं मिळवून."

बैठकीत तसं नोंदवलं गेलं. रात्रीच्या पाळ्या मोबाइलवर, अधिक चार मिनिटं. परतताना मामाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. तो हात टेकायला होता की शाबासकीला, हे मी विचारलं नाही. ओझं फार नव्हतं.

काढलेल्या दोन कड्या आणि उरलेला स्क्रू मी सोबत आणला, जपून ठेवतो म्हणून. बायको म्हणाली, कुठे ठेवल्या ते मलाही सांगून ठेवा.

होळीच्या आसपास मामाजींचा फोन आला.

"जवाईबापू, घड्याळ दाटून राहिलं. हातावर वळ उठते."

मी हे मोठ्याने बायकोला सांगितलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढची दहा मिनिटं बाबांना त्यांच्या जेवणाबद्दल विचारत होती. किती पोळ्या, भात किती, दूध घेता का. मग हसत, डोळे पुसत फोन परत दिला आणि आत गेली.

"कड्या हायेत ना?" मामाजींनी विचारलं.

"आहेत ना मामाजी. रविवारी घेऊन येतो. लावूनही देतो."

पलीकडे मामाजी खाकरले.

"तुमी या," ते म्हणाले. "दोन दिवस राहाले या. स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून या."